नवी होडी, नवं मशीन: छोट्या आउटबोर्ड बोटीच्या नव्या मालकासाठी

दुसऱ्याच फेरीला माझं मशीन कर्ली खाडीच्या मुखात बंद पडलं. ओहोटीने नुकताच जोर धरला होता. उजवीकडे देवबागचं टोक, डावीकडे भोगव्याची वाळू, समोर उघडा समुद्र, आणि होडी हळूहळू तिकडेच सरकत होती. मी मशीन चालू करायची दोरी ओढत होतो. पंधरा वेळा ओढली, वीस वेळा ओढली, तळहाताला फोड आले. तेवढ्यात आमच्या वाडीतले एक तांडेल (होडीचे म्होरके) जाळी घेऊन परत येत होते, ते लांबूनच ओरडले, "आधी नांगर टाक रे, मगे मशीन बघ!"

नांगर धरला, होडी थांबली. त्यांनी आपली होडी लगत आणली आणि माझ्या पेट्रोलच्या टाकीकडे बोट दाखवलं. प्लास्टिकची लाल टाकी दोन्ही अंगांनी आत ओढली गेली होती, बाटलीतली हवा तोंडाने ओढून घेतली की बाटली चेपते तशी. झाकणावरचा हवेचा स्क्रू मी उघडलाच नव्हता. त्यांनी तो फिरवला, टाकीत हुस्सकन हवा शिरली, पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा चार वेळा दाबला, आणि दुसऱ्या झटक्याला मशीन चालू झालं.

त्याला आता अकरा वर्षं झाली. या काळात आमच्या किनाऱ्यावर छोट्या होड्यांची जी फजिती पाहिली, तिच्यात वादळामुळे झालेली अगदी थोडी. बाकी सगळीकडे कारण असंच किरकोळ निघालं: न उघडलेला स्क्रू, न लावलेलं बूच, टाकीतलं पाणी, चुकलेली भरतीची वेळ. म्हणून ज्यांनी नुकतीच १४ ते १८ फुटांची फायबरची होडी आणि ८ ते २५ एचपीचं मशीन घेतलं आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे. उदाहरणं मालवणकडची आहेत, पण दाभोळच्या किंवा रेवदंड्याच्या खाडीतही फार वेगळं काही करावं लागत नाही.

आधी मशीन होडीला बसतं का ते बघा

आउटबोर्डच्या, म्हणजे होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून लावायच्या मशीनच्या, दांड्याची लांबी ठरावीक असते: आखूड म्हणजे साधारण १५ इंच, लांब म्हणजे साधारण २० इंच. होडीच्या मागच्या फळीची उंची त्याला जुळायला हवी. पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वर एक आडवी पट्टी असते. मशीन सरळ उभं असताना ती पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली आली पाहिजे. ती वर राहिली तर लाटेवर पंखा हवा ओढतो, मशीन एकदम किंचाळतं आणि होडी पुढे जात नाही. फार खाली गेली तर पेट्रोल जास्त जळतं आणि खडपावर (पाण्याखालच्या खडकावर) पंखा आधी आपटतो.

फळीवरचे दोन्ही दांडे-स्क्रू हाताने घट्ट आवळा आणि अर्ध्या तासाच्या चालीनंतर पुन्हा आवळा, कारण थरथरीने ते सैल होतात. शिवाय मशीनला एक वेगळा दोर बांधून तो होडीच्या कड्यात अडकवा. पाण्यात गेलेलं मशीन मी दोनदा पाहिलं आहे, आणि दोन्ही वेळा तो दोर नव्हता.

फळीवर टिचकी मारून आवाज ऐका. जुनी होडी घेतली असेल तर हे नक्कीच करा. ठणठणीत आवाज आला तर आतलं लाकूड शाबूत आहे. बद्द आवाज आला तर आत पाणी मुरून लाकूड कुजलं आहे, आणि अशा फळीवर नवं मशीन लावू नये.

कागद

हे काम कंटाळवाणं आहे, पण पाण्यात उतरण्याआधी करा. मासेमारीसाठी होडी असेल तर मत्स्यव्यवसाय विभागाकडे नोंदणी आणि परवाना. हौशीसाठी किंवा प्रवाशांसाठी असेल तर महाराष्ट्र सागरी मंडळाच्या जवळच्या बंदर कार्यालयात जाऊन विचारा. नदी-खाडीतल्या यांत्रिक नौकांना २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लागू आहे, त्याने १९१७ चा जुना कायदा बाजूला केला. मशीनचा नंबर आणि होडीचा नंबर यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती मालवणचं सागरी अभयारण्य आहे (१९८७ पासून). तिथे काय चालतं आणि काय नाही ते आधी विचारून घ्या. नांगर टाकायचाच झाला तर वाळूत टाका, प्रवाळावर नको. नांगराच्या एका ओढीने जे तुटतं ते परत वाढायला वर्षानुवर्षं लागतात.

पेट्रोल

मेकॅनिककडे येणाऱ्या छोट्या मशीनचं दुखणं बहुतेक वेळा कार्ब्युरेटरमध्ये निघतं, आणि त्याचं मूळ टाकीत असतं.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढतं. कोकणच्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी महिनाभर पडून राहिली की हवेतला ओलावा आत उतरतो, आणि तो ठरावीक प्रमाणाबाहेर गेला की पाणी व इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर धरतात. मशीनची नळी तळातूनच ओढते. म्हणून दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच पेट्रोल घ्या, उरलेलं स्कूटरमध्ये ओता. टाकी आणि मशीन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. शंका आली तर तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ती टाकी पूर्ण रिकामी करायची, वरचं चांगलं दिसतं म्हणून वापरायचं नाही. आणि मशीनच्या पुस्तिकेत किती इथेनॉल चालतं ते वाचा. बरीच आउटबोर्ड १० टक्क्यांपर्यंतच्या पेट्रोलसाठी बनवलेली असतात, त्यांच्या रबरी नळ्यांवर जास्त लक्ष ठेवावं लागतं.

टू-स्ट्रोक मशीन असेल तर ऑइल मिसळण्याचं प्रमाण बहुधा ५०:१ असतं, म्हणजे लिटरला २० मिली. नवं मशीन रुळताना, पहिले दहा तास, बऱ्याच कंपन्या २५:१ सांगतात, म्हणजे ४० मिली. अंदाजाने ओतू नका, औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण होडीच्या डब्यात ठेवा. ऑइल 'टीसी-डब्ल्यू३' लिहिलेलंच घ्या. मोटरसायकलचं टू-टी ऑइल गरम चालणाऱ्या इंजिनासाठी असतं, पाण्याने थंड होणाऱ्या मशीनमध्ये ते काजळी धरतं. फोर-स्ट्रोक असेल तर मिसळायचं काही नाही, पण दर वेळी ऑइलची काडी बघायची आणि पहिली सर्व्हिस वीस तासांच्या आसपास चुकवायची नाही. फोर-स्ट्रोक मशीन आडवं ठेवताना पुस्तिकेत दाखवलेल्या कुशीवरच ठेवा. दुसऱ्या कुशीवर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं.

टाकी भरायची ती होडीबाहेर, जमिनीवर ठेवून. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाशी बसते आणि तुम्हाला दिसत नाही.

किती न्यायचं? पूर्ण वेगात फोर-स्ट्रोक मशीन दर १० एचपीला तासाला ४ लिटरच्या आसपास पितं, जुनं टू-स्ट्रोक त्याहून बरंच जास्त. टाकीचे तीन भाग धरा: एक जायला, एक यायला, एक हात न लावण्यासाठी. दुपारी वारा तोंडावर आला की यायचा भाग जायच्या दीडपट होतो.

निघण्यापूर्वी

क्रम एकच ठेवा आणि तो कधी बदलू नका. माझा असा आहे. आधी बूच. तळातलं पाणी काढायचं भोक बंद आहे का ते हात लावून बघायचं, नुसतं डोळ्यांनी नाही. मग टाकीच्या झाकणावरचा स्क्रू उघडायचा. नळी दोन्ही टोकांना टक् आवाज येईपर्यंत बसवायची, फुगा कडक होईपर्यंत दाबायचा (त्यावरचा बाण मशीनकडे हवा). मशीन न्यूट्रलमध्ये, चोक ओढलेला, आणि मग दोरी. आधी हळूच ओढून अडलेली जागा शोधायची, तिथून एकच लांब झटका. चालू झालं की चोक आत.

आणि लगेच मागे वळून धार बघायची. मशीनच्या मागून पाण्याची बारीक धार पडते, ती थंड करणारं पाणी फिरत असल्याची खूण. धार नसेल तर मिनिटभरसुद्धा चालवू नका. भोकात चिखल असेल तर नायलॉनच्या जाड दोऱ्याचा तुकडा घालून साफ होतो, खाली पाण्याच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटली असेल तर काढता येते. तरी धार आली नाही तर आतला रबरी पंप, इम्पेलर, गेला आहे. वाळूच्या पाण्यात चालणाऱ्यांनी तो दर मोसमाला बदलावा.

लाइफ जॅकेट अंगात हवं, बाकाखाली नको. मुलांचं त्यांच्या मापाचं घ्या, मोठ्यांच्या जॅकेटमधून मूल खाली सुटतं. आणि लाल दोरी, जिचं टोक ओढलं गेलं की मशीन बंद पडतं, ती मनगटाला किंवा जॅकेटला अडकवा. लाटेने तुम्ही बाहेर फेकले गेलात आणि ती दोरी अडकवलेली नसली तर रिकामी होडी गोल फिरून तुमच्याच अंगावर येते. यात मी कुणाचंही ऐकून घेत नाही, माझ्या होडीत पाहुणा असो की पोहणारा कोळी असो.

सोबत एवढं न्या: दोन वल्ही, नांगर आणि पुरेसा दोर, पाणी उपसायला कापलेला डबा, प्लग आणि त्याचा पाना, पंख्याची पिन व चिमटा-पिन, सुरी, शिट्टी, बॅटरी, प्यायचं पाणी, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत मोबाइल. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आधीच नोंदवून ठेवा. आणि कुठे जाता, कधी परतणार, हे किनाऱ्यावर एका माणसाला सांगून जा.

भरती, वारा आणि खाडीचं मुख

आमच्या आजोबांच्या वेळचा हिशोब अजून कामाला येतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती, पहाटे-दुपारी किंवा सकाळी-रात्री दोन्ही वेळा. तिथून सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, तेव्हा छापील तक्ता बघाच, पण हा हिशोब डोक्यात असला की तक्ता चुकीचा वाचला तर चटकन लक्षात येतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि जास्त ओढतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा हालचाल मंद. नव्या माणसाने पहिल्या फेऱ्या भांगेच्या दिवसांत कराव्यात. मुंबईकडून येणाऱ्यांना आमचं पाणी कमी वाटतं, तिकडे उधाणाला चढउतार साडेचार मीटरपर्यंत जातो, इकडे दोन मीटरच्या आसपास. पण अरुंद मुखात तेवढंही पुरेसं असतं.

वाऱ्याचं असं: पहाटे मतलई वारा, जमिनीवरून समुद्राकडे. तो तुम्हाला बाहेर ढकलतो, पाणी सपाट दिसतं आणि माणूस ठरवल्यापेक्षा लांब जातो. अकरा-बाराच्या सुमारास खारा वारा सुरू होतो आणि तीनपर्यंत पांढरे फेस दिसू लागतात. छोट्या होडीने दहाला परतीला लागावं. हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेचा लाटांचा अंदाज रोज बघा. वारा काहीच नसताना लांबच्या समुद्रातून आलेली फुगलेली लाट किनाऱ्यावर फुटते, ती फक्त आभाळ बघून कळत नाही.

आता मुख. खाडी समुद्राला मिळते तिथे वाळूची पट्टी असते, ती दर पावसाळ्यानंतर जागा बदलते. गेल्या वर्षीचा रस्ता या वर्षी धरू नका. ओहोटीचं पाणी बाहेर येतं आणि लाट आत येते, दोन्ही समोरासमोर आली की लाट उभी राहते आणि फुटते. तेच ठिकाण भरतीच्या शेवटच्या तासा-दीड तासात शांत असतं. म्हणून मुख ओलांडायचं ते चढत्या पाण्यावर, आणि परतीची वेळही त्यावरूनच ठरवायची.

ओलांडण्याआधी दहा मिनिटं नुसतं थांबून बघा. लाटा गटाने येतात, काही मोठ्या आणि मग काही लहान. फेस कुठे होतो आणि कुठे होत नाही ते बघा, फेस न होणारी गडद पट्टी म्हणजे खोल पाणी. बाहेर जाताना लाट समोरून किंवा किंचित तिरकी घ्या, माथ्यावर पोचताना वेग कमी करा, नाहीतर होडी हवेत उडून पलीकडे आपटते. आत येताना जास्त जपायचं असतं. एका लाटेच्या पाठीवर बसायचं आणि तिथेच राहायचं, तिचा माथा ओलांडून पुढे घुसायचं नाही आणि मागची लाट गाठेल इतकं हळूही व्हायचं नाही. हाताला मशीन थरथरतं, वेग सारखा कमीजास्त करावा लागतो, मागे बघायचा मोह होतो. होडी आडवी झाली की उलटते. मधेच विचार बदलून वळायचं नाही. नक्की नसेल तर बाहेरच थांबा, नांगर टाका, पाणी चढू द्या. दोन तास उपाशी बसल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

किल्ल्याभोवती आणि मालवण बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडपं आहेत. जुने मच्छीमार किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणून रस्ता धरतात, एखादं माड आणि त्यामागचं देऊळ, असं. त्यांच्यासोबत दोन फेऱ्या मारा आणि त्या खुणा वहीत लिहून घ्या. मोबाइलच्या नकाशावर ती खडपं तशी दिसत नाहीत.

जाळी आणि रापण

किनाऱ्याजवळ अर्धगोलात तरंगणारी बोंडं आणि वाळूवर दोर धरलेली माणसं दिसली तर ती रापण आहे, किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. पूर्ण वळसा घालून बाहेरून जा. समुद्रातल्या जाळ्यांची टोकं झेंड्याने किंवा थर्मोकोलने दाखवलेली असतात, दोन खुणांच्या मधून जाऊ नका. पंख्यात जाळं गेलंच तर मशीन लगेच बंद करा, वर उचला आणि उलट दिशेने हाताने सोडवा. कापावंच लागलं तर मालकाला शोधून सांगा आणि भरपाई द्या. त्या जाळ्यावर एक घर चालतं. नंतर पंखा काढून त्यामागे नायलॉनचा दोरा गुंडाळला आहे का ते बघा, तो आतलं सील कापतो आणि गिअरमध्ये पाणी शिरतं.

मशीन बंद पडलं तर

आधी नांगर, नाळेवरून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरून. मागून कधीही नाही, मागची बाजू जड असते आणि लाट सरळ आत येते. दोर खोलीच्या पाच ते सातपट सोडा. मग क्रमाने बघा: लाल दोरी निसटली का, स्क्रू उघडा आहे का, फुगा कडक आहे की चपटा, नळी निघाली का, प्लग ओला आहे का. ओला असेल तर पुसा, चोक न लावता आणि वेग पूर्ण उघडून दोरी ओढा. मशीन ओरडतं पण होडी हलत नाही, तर पंख्याची पिन तुटली आहे.

होडी उलटून मशीन बुडालं असेल तर तासांचा हिशोब सुरू होतो. गोड्या पाण्याने धुवा, प्लग काढा, दोरी ओढून आतलं पाणी बाहेर काढा, सिलिंडरमध्ये ऑइल सोडा आणि त्याच दिवशी मेकॅनिककडे न्या. दुसऱ्या दिवशी नेलेलं मशीन बहुतेक भंगारात जातं.

परत आल्यावर

दमलेले असता, मासे साफ करायचे असतात, मुलं भुकेलेली असतात. तरी ही वीस मिनिटं द्या. मोठ्या पिंपात गोडं पाणी भरून मशीन न्यूट्रलमध्ये दहा मिनिटं मंद चालवा, आतलं मीठ निघून जातं. शेवटी पेट्रोलची नळी काढा आणि कार्ब्युरेटर रिकामा होऊन मशीन आपोआप बंद पडू द्या. मशीन उभंच ठेवा, आतलं पाणी निथळू द्या. बाहेरून धुवा, कोरडं करा, बोल्ट आणि पंख्याच्या दांड्याला पाण्याने धुऊन न जाणारं ग्रीस. जस्ताचा तो छोटा तुकडा, जो खारं पाणी मशीनऐवजी खातं, अर्धा झिजला की बदला, आणि त्याला रंग लावू नका.

गिअरचं ऑइल मोसमात दोनदा बघा. खालचा स्क्रू थोडा सैल करून थेंबभर बोटावर घ्या. दुधाळ दिसलं तर सीलमधून पाणी शिरलं आहे.

पावसाळा

मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते, प्रवासी जलवाहतूक २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असते. हौशी होडीने यातली मोठी मुदत धरावी. होडी उलटी करून ओंडक्यांवर ठेवा, बूच काढून. मशीन घरात, लाकडी घोडीवर उभं. गिअर ऑइल पावसाळ्याआधीच बदला, म्हणजे आत शिरलेलं पाणी चार महिने बेअरिंग खात बसणार नाही. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून दोरी दोनदा हळू ओढा. टाकी पूर्ण रिकामी करा. पेट्रोलची नळी वेगळी काढून डब्यात बंद करा, उंदीर ती कुरतडतात. गणपतीनंतर पुन्हा जोडताना नळी वाकवून बघा. बारीक चीर दिसली तर नवी घ्या, आणि पहिली फेरी खाडीतच, वल्ही सोबत ठेवून.